व्यवसाय प्रशिक्षण : नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी



दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर येथील बसस्थानकांच्या आसपासच्या भिंती जाहिरातींनी भरून जातात. ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘रेल्वेत हमखास भरती’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ ही अक्षरे आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही झळकू लागली आहेत. नेमका हाच काळ खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओढगस्तीचा असतो. बियाणे-खतांचा खर्च पुढ्यात उभा असतो आणि कापसाचा पैसा हाती येण्यास दिवाळी उजाडावी लागते. अशा वेळी मुलाच्या किंवा मुलीच्या प्रवेशासाठी काढलेली रक्कम बहुधा उसनवारीची असते; कधी पीककर्जातून वळविलेली, कधी घरातील सोने गहाण ठेवून उभी केलेली. ती बुडाली म्हणजे केवळ पैसा बुडत नाही, वयाचे एक-दोन वर्षही त्याबरोबर जाते.

फसवणुकीचे मूळ बहुतेक वेळा एका शब्दाच्या गोंधळात असते. ‘शासन नोंदणीकृत’ हे शब्द फलकावर मोठ्या अक्षरांत रंगविलेले असतात आणि वाचणारा त्यांचा अर्थ ‘शासनमान्य’ असा घेतो. वस्तुतः या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किंवा १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली कोणतीही मंडळी संस्था नोंदवू शकतात. कंपनी नोंदविता येते, लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी मिळते, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर स्वयंसेवी संस्थेचे नाव चढविता येते. या साऱ्या नोंदण्या खऱ्या असतात. परंतु त्यांपैकी एकही नोंदणी संस्थेला पदविका देण्याचा अधिकार देत नाही. ‘आयएसओ प्रमाणित’ या बिरुदाचेही तसेच. ते कारभाराच्या पद्धतीविषयी असते, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. ‘स्वायत्त राष्ट्रीय परिषद’ अशा भारदस्त नावाची संस्था दिसली, तर ती कोणत्या कायद्याने स्थापन झाली एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर देणाऱ्याची धांदल उडाल्यास पुढचे काही विचारण्याची गरज राहत नाही.

शासनाच्या राजपत्रात नाव आले म्हणून सारे सुरक्षित झाले असेही नव्हे. छत्तीसगड राज्याच्या २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन तेथे अल्पावधीत शंभरावर खासगी विद्यापीठे अधिसूचित झाली. अनेकांना ना इमारत होती, ना प्रयोगशाळा. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातील संबंधित तरतुदी रद्द ठरविल्या आणि ही विद्यापीठे एका निकालाने संपुष्टात आली.

महाराष्ट्राने या प्रश्नावर २०१३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. कृषी, आरोग्य विज्ञान, उच्च, तंत्र व व्यवसाय शिक्षण या क्षेत्रांत अनधिकृत संस्था व अनधिकृत अभ्यासक्रम चालविण्यास त्याने प्रतिबंध केलेला आहे. मात्र कायदा तक्रारीवाचून हलत नाही, आणि फसलेले कुटुंब लोकलज्जेने गप्प बसते. या मौनावरच हा धंदा पोसला जातो.

सर्वांत अधिक बळी पडतात त्या खेड्यातील मुली, आणि त्या नर्सिंगच्या नावाने. दहावीनंतर सहा महिने वा वर्षभराचा ‘नर्सिंग’ अभ्यासक्रम पूर्ण करून कोणीही परिचारिका होत नाही. मान्यताप्राप्त साहाय्यकारी परिचारिका-प्रसविका अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर सामान्य परिचर्या पदविका तीन वर्षांची असून दोहोंसाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी व्हावी लागते. बनावट प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीस एखाद्या खासगी दवाखान्यात तुटपुंज्या वेतनावर काम मिळते खरे. पण सरकारी भरतीचा अर्ज भरण्याची वेळ आली की नोंदणी क्रमांकाचा रकाना कोराच राहतो. प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाबाबतही प्रवेशापूर्वी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे विचारणा करणे इष्ट होय.

भुसावळ हे रेल्वेचे गाव. साहजिकच रेल्वेच्या नावावर येथे भुलणारे पुष्कळ. ‘आमच्याकडे शिका, रेल्वेत लावून देतो’ असे सांगणाऱ्यांनी प्रत्यक्ष पद्धत कोणती हे क्वचितच सांगितलेले असते. भुसावळचे विद्युत इंजिन शेड व कारखाना येथील शिकाऊ उमेदवारांची निवड मध्य रेल्वेचा भरती कक्ष करतो. त्यासाठी लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे गुण व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील गुण यांच्या सरासरीवर यादी लागते. वशिल्याला वावच नसलेल्या जागी वशिल्याचे पैसे मागितले जातात, हा यातील विनोद. खासगी वर्गाचे कितीही देखणे प्रमाणपत्र त्या यादीत धरले जात नाही. राष्ट्रीय परिषदेच्या नमुन्यातील व्यवसाय प्रमाणपत्रच लागते. शिवाय या उमेदवारीला चोवीस वर्षे ही सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची दोन वर्षे भलत्या ठिकाणी गेली, तर त्याची किंमत यावरून ध्यानी यावी.

पारख करणे मुळीच अवघड नाही. जोडारी, वीजतंत्री, संधाता हे व्यवसाय शिकविणाऱ्या संस्थेचे नाव व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशप्रक्रियेत आहे किंवा नाही, हे तालुक्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन विचारता येते. संस्थेस मान्यता असली तरी नेमक्या त्याच अभ्यासक्रमास ती आहे काय, हेही पाहावे. एकाची मान्यता दाखवून दुसऱ्याचे प्रवेश उरकण्याची युक्ती जुनी आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे प्रशिक्षण व अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतील शिक्षण उमेदवारास विनाशुल्क असते. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तेथेच थांबावे. आणि ‘आज प्रवेश घेतला तरच सवलत’ असे म्हणणाऱ्या ठिकाणी उद्या जावे.

पण पाऊल पडून गेले असल्यास? प्रथम मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला यांची लेखी मागणी करावी. शुल्काच्या पावत्या, माहितीपत्रक, जाहिरातीचे छायाचित्र, भ्रमणध्वनीवरील संदेश जपून ठेवावेत. प्रवेश रद्द केल्याचे पत्र पोचपावतीसह पाठवावे. तोंडी बोलण्याला पुढे काही आधार उरत नाही. काही ठिकाणी शुल्काच्या अर्जाबरोबरच एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जावर पालकाची सही घेतलेली असते. वर्गात जाणे थांबले तरी हप्ते थांबत नाहीत, म्हणून त्या वित्तसंस्थेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र समजून घेतला पाहिजे. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये व्यवसाय अभ्यासक्रमांसह शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, शिकवणी वर्ग तेवढे आत ठेवले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास कोणतेही शुल्क पडत नाही. खोटी मान्यता दाखवून पैसे घेतले असल्यास तो सरळ फसवणुकीचा गुन्हा असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. एकाच वर्गातील दहा-बारा पालक मिळून गेले तर त्या फिर्यादीला वजन येते.

वर्ष वाया गेलेल्या मुलासही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे दार बंद नसते. तेथे प्रवेशासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. कमाल वयाची अट नाही. दहावी अनुत्तीर्णांसाठीही संधाता, तारतंत्री यांसारखे व्यवसाय खुले आहेत. मुख्य फेऱ्यांनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा संस्था पातळीवरील समुपदेशन फेरीत भरल्या जातात. त्या फेरीची तारीख संस्थेच्या सूचनाफलकावर लागते.