खोलीतले सगळे, एकाच रात्री

भिवंडीत मागावरची माणसं येतात ती एकच वाक्य घेऊन: ‘डॉक्टर, खरूज रक्तात उतरली, रक्त साफ व्हायचं औषध द्या.’ अहो, खरजेचा किडा रक्तात जात नाही. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ पाडते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि तिथेच मरते.

रक्तात शिरतो तो दुसराच. आयत्या बिळात नागोबा! बीळ घुशीचं, म्हणजे या किड्याचं, त्याचं तोंड आपण खाजवून मोठं करतो, आणि स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकससारखे जंतू आयते आत. आधी पुवाचे फोड येतात. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. लहान मुलांत फोड येऊन तीनेक आठवडे झाले की कधी मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी तोंड सुजलेलं, लघवी काळ्या चहासारखी. असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि ती दुकानातून मनानेच आणलेली स्टिरॉइडची ट्यूब? बिळावर गोणपाट टाकण्यासारखं आहे ते. खाज दबते, आत घूस खुशाल.

आता मुख्य गोष्ट. औषध खोलीतल्या सगळ्यांनी, एकाच रात्री लावायचं. खाज नसलेल्यांनीसुद्धा! पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर तो माणूस हसत हसत वाटत फिरतो. आपल्याकडे दिवसपाळीवाला उठतो, त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा होतो. गादी थंडच होत नाही. एकाने आपलं बीळ बुजवलं, तर घूस शेजारच्याकडून परत येते. म्हणून माग बंद असतात तो दिवस धरा. पाच टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा. तान्ही मुलं आणि गरोदर बाया असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात. धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा.

त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. म्हणून रोज रोज औषध चोपडू नका.

लाजू नका हो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. जगात एका वेळी वीसेक कोटी लोकांना ती असते. आपण मात्र शेजाऱ्यापासून लपवतो आणि त्यालाच देतो.

भिशी, म्हणजे कामगारांची खाणावळ, चालवणाऱ्या मावशींना आणि कारखानदारांना एक सांगायचं होतं, खोलीत माणसं किती असावीत याबद्दल... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात होतोय. तेव्हा तेवढंच पुन्हा: एकट्याने नाही. खोलीतले सगळे, एकाच रात्री.