सान्तो स्तेफानो रोतोंदो : एका वर्तुळाचा जीर्णोद्धार
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



रोम नगरीच्या सात टेकड्यांपैकी चेलिओ या टेकडीवर एक प्राचीन वर्तुळाकार चर्च उभे आहे. ‘सान्तो स्तेफानो रोतोंदो’ हे त्याचे नाव; ‘रोतोंदो’ म्हणजे गोल. ख्रिस्ती धर्मातील पहिला हुतात्मा संत स्टीफन याच्या नावाने पोप सिम्प्लिसिअस (४६८–४८३) यांनी ते अर्पण केले. याच पोपच्या कारकीर्दीत, ४७६ साली, पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे या वास्तूमागील हिंमत कळते.

त्या काळातील बहुतेक चर्चे लांबट सभागृहासारखी असत. वर्तुळाकार रचना विशेषेकरून समाधी व स्मारके यांसाठी योजिली जाई. जेरुसलेम येथील ख्रिस्ताच्या समाधीवरील वर्तुळाकार वास्तूचा आदर्श येथे असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मध्यभागी २२ स्तंभांचे कडे. त्यावर सुमारे २२ मीटर उंचीची गोल भिंत. तिच्या वरच्या भागातील खिडक्यांतून उतरणारा प्रकाश. या गाभ्याभोवती जणू प्रदक्षिणेसाठीच आखलेली, एकाबाहेर एक अशी दोन वलये. बाहेरच्या वलयात चार दिशांना चार उंच दालने काढून वर्तुळातच क्रूस साधलेला. एकूण व्यास सुमारे ६५ मीटर.

एवढा विस्तार सांभाळणे पुढील पिढ्यांना झेपले नाही. बाराव्या शतकात पोप दुसरे इनोसंट यांनी छताला आधार म्हणून गाभ्याच्या मधोमध तीन कमानी उभारल्या. मधल्या मोकळ्या अवकाशाचा भंग झाला खरा, पण छताला टेकू मिळाला. तरीही पंधराव्या शतकात इतिहासकार फ्लाविओ बिओंदो यांनी ही वास्तू पाहिली, तेव्हा तिच्यावर छप्पर उरले नव्हते. १४५३ च्या सुमारास पोप पाचवे निकोलस यांच्या आज्ञेने वास्तुशिल्पी बेर्नार्दो रोसेल्लिनो यांनी बाहेरचे वलय व चारांपैकी तीन दालने काढून टाकली आणि दुसऱ्या स्तंभमालिकेतील फटी भिंतीने बुजविल्या.

हा जीर्णोद्धार की अंगच्छेद? प्रश्न रास्त आहे. परंतु याच पोपच्या काळात कोलोसियमचे दगड नव्या बांधकामांसाठी वाहून नेले जात होते. वापरातून गेलेली वास्तू दगडांची खाण ठरते. वापरातली वास्तू, आखडून का होईना, टिकते. शिवाय रोसेल्लिनोच्या कारागिरांनी ते स्तंभ उपटले नाहीत, भिंतीतच राहू दिले. म्हणूनच काय गमावले हे आजही त्या भिंतीवर वाचता येते, आणि मूळ वर्तुळ मनात पुन्हा उभे करता येते.

१९७३ नंतरच्या उत्खननात याच चर्चखाली मिथ्र देवतेचे त्याहूनही जुने उपासनास्थान सापडले. श्रद्धा बदलली, भूमी तीच राहिली.

मित्रहो, वारसा सांभाळताना काही सोडावेच लागते. जे सोडले त्याची खूण मात्र पुसू नये, एवढे भान या वर्तुळाकडून घेण्याजोगे आहे.