जागा चुकलेला डीएनए



१९८४ साली फ्रान्समध्ये ज्याँ एकार्दी आणि फ्रान्स्वाज गुतियेर या डॉक्टरांनी तान्ह्या मुलांच्या एका आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदूत कॅल्शियम साठलेलं, पाठीतून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. सगळी चिन्हं गर्भातच विषाणूची लागण झाल्यासारखी, पण विषाणू काही सापडेना. पुढे त्या पाण्यात इंटरफेरॉनही सापडलं. विषाणू शिरला की पेशी जे रसायन सोडतात, तेच हे.

उलगडा व्हायला २००६ उजाडलं. बऱ्याच मुलांमध्ये ट्रेक्स-१ या जनुकात दोष निघाला. भलत्या ठिकाणी साचलेले डीएनएचे तुकडे नाहीसे करणारं प्रथिन या जनुकापासून तयार होतं.

डीएनएची जागा पेशीच्या केंद्रकात. तिथं तो रोज कुठे ना कुठे बिघडतो आणि दुरुस्तही होतो. दोन्ही धागे तुटले तर एटीएम नावाचं प्रथिन दुरुस्तीची सूत्रं हलवतं. दुरुस्ती फसली की तुकडे केंद्रकाबाहेर येऊ शकतात. ट्रेक्स-१च्या प्रथिनानं ते नाहीसे केले नाहीत, तर बाहेर पहाऱ्याला सीगॅस हा प्रथिनरेणू असतो. अमेरिकेत डॅलसमध्ये झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेनं तो २०१२-१३च्या सुमारास शोधून काढला. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की सीगॅस डीएनएवरचा मजकूर वाचतच नाही. दुहेरी धागा हाती लागला की तो एक छोटा रेणू बनवतो, तो रेणू स्टिंग या प्रथिनाला जागं करतो आणि इंटरफेरॉन सुटू लागतं. धागा विषाणूचा की स्वतःचा, ही चौकशी होत नाही.

मेंदूत हा इंटरफेरॉनचा निरोप मुख्यतः आधारपेशी देतात: मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट. एकार्दी-गुतियेर आजारात ॲस्ट्रोसाइटच इंटरफेरॉन बनवताना आढळले आहेत. एटीएम नसलेल्या उंदरांच्या मायक्रोग्लियातही हाच मार्ग चेतलेला दिसतो. निरोप थांबला नाही, तर बारीक रक्तवाहिन्या आणि मेंदूतला पांढरा भाग यांची हानी होत राहते.

अलीकडे एकार्दी-गुतियेर आजाराच्या मुलांना बॅरिसिटिनिब हे मूळचं संधिवाताचं औषध देऊन पाहिलं गेलं. ते इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचू देत नाही. काही मुलं त्यानंतर पूर्वी न जमणाऱ्या हालचाली करू लागली. गेलेला मेंदू मात्र परत येत नाही. म्हणूनच बाळाच्या मेंदूत कॅल्शियम दिसलं आणि लागण सापडली नाही, तर जनुकांची तपासणी लांबणीवर टाकू नये.