उंबरठ्यावरची मुले



माणूस सज्ञान केव्हा होतो? १८७५ च्या कायद्याने १८ व्या वर्षी. तरी मताचा अधिकार १९८९ पर्यंत २१ व्या वर्षीच मिळे. आजही १८ व्या वर्षी मत देणाऱ्या मुलाला विवाहासाठी २१ पर्यंत आणि लोकसभेला उभे राहण्यासाठी २५ पर्यंत थांबावे लागते. कायद्यालाच जिथे एक रेघ ओढता आली नाही, तिथे आपण आईबाप गोंधळलो तर नवल नाही.

परमुलखात आपली पंचाईत अधिक. गावी आजोबा, काका, आत्या मुलांना हळूहळू मोठ्यांच्या पंक्तीत ओढून घेत. इथे ते काम आपणां दोघांवरच येते. मग आपण सकाळी ‘अजून लहान आहेस’ म्हणतो आणि सायंकाळी ‘एवढा घोडा झालास!’ म्हणून रागावतो. मुलाने कोणते खरे मानावे?

प्रौढपण सोपवावे लागते. म्हणून आम्ही सुचवतो की, येत्या गणेशोत्सवाचा जमाखर्च मंडळाने सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती द्यावा. हिशेब चुकला, तर तोही त्यांनाच सभेपुढे मांडू द्यावा. उद्या ती शिक्षणासाठी दूर जातील, तेव्हा चूक निस्तरायला आपण जवळ नसू.