कांद्याचा भाव आणि कम्प्युटरची पदवी



बारावीनंतर शाखा निवडताना घरोघरी एकच प्रश्न असतो : पुढे कशाला मागणी आहे? प्रश्नात चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की तो एकाच वर्षी लाखो घरांत विचारला जातो आणि उत्तरही सगळीकडे तेच मिळतं.

लासलगावला कांदा चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो आणि काढणीला भाव कोसळतो. अमेरिकेत इंजिनिअरांचा बाजारही असाच हेलकावे खातो, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. फरक मुदतीचा. कांदा चार महिन्यांत निघतो, इंजिनिअरला चार वर्षं लागतात.

डॉट-कॉम कंपन्यांच्या तेजीच्या भरात अमेरिकेतली मुलं संगणकशास्त्राकडे धावली. २००० मध्ये तेजी ओसरली, पण आधी प्रवेश घेतलेले बाहेर पडतच राहिले. २००३-०४ मध्ये, नोकऱ्या आटलेल्या असताना, सुमारे ५९ हजार जणांना पदव्या मिळाल्या. मग नव्या मुलांनी पाठ फिरवली आणि २००८-०९ पर्यंत आकडा ३८ हजारांवर आला. नेमकी तेव्हाच स्मार्टफोन आणि क्लाउडची नवी मागणी उभी राहत होती. २०२१-२२ मध्ये पदव्या लाखापलीकडे गेल्या, आणि २०२२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांत कपात सुरू झाली.

अशा मागणीचा अंदाज बांधणारे गणितात कच्चे नसतात. त्यांचा अंदाज वाचून मुलं शाखा बदलतील, ही गोष्ट मात्र त्या गणितात सहसा नसते. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये सांगितलं, की २०१५ पर्यंत माहिती तंत्रज्ञानातल्या ९ लाख जागा रिकाम्या राहतील. पुढे २०२० साठी दिलेले आकडे दर खेपेला खाली येत गेले.

उलटी चूकही होते. कोबोल ही १९५९ची संगणक-भाषा. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताच जुने संगणक चुकतील या भीतीच्या धांदलीत भारतीय कंपन्यांनी तिच्यावर भरपूर कमावलं आणि २००० उजाडल्यावर तिचं काम संपलं असं अनेकांनी धरलं. बँका तिच्यावर चालतच राहिल्या; निवृत्त झाले ते ती जाणणारे. एप्रिल २०२० मध्ये कोविडने रोजगार गेलेल्यांचे अर्ज न्यू जर्सीच्या चाळीस वर्षं जुन्या यंत्रणेवर आदळले, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्यांना हाक द्यावी लागली. जुन्या कोडची डागडुजी कॉलेजच्या माहितीपत्रकात शोभत नाही, हे खरं. पण निवृत्तीने रिकामी झालेली खुर्ची हीसुद्धा मागणीच असते. मथळ्यात ती क्वचितच येते.

भारतात अभियांत्रिकीच्या जागा ओस पडू लागल्या, म्हणून बी. व्ही. आर. मोहन रेड्डी समितीच्या शिफारशीवरून तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने २०२० पासून नव्या कॉलेजांना मनाई केली. २०२३ मध्ये ती उठली. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांना जागांची कमाल मर्यादाही उरली नाही, आणि कम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. त्या वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी २०२८ मध्ये पदवी घेईल. तिच्या मुलाखती घ्यायला टेबलापलीकडे आज इथे बसलेल्या पदवीधरांपैकीच काही जण असतील.