उचल, मुकादम आणि कंपन्यांचे अहवाल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



माणसांचा व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंटणखाना उभा राहतो. तो गुन्हा आहेच. परंतु फसवून, धाक दाखवून अथवा लाचारीचा फायदा घेऊन एखाद्याला कामावर नेणे आणि त्याची परतीची वाट बंद करणे, हाही माणसांचाच व्यापार होय. तो रोखण्यासाठी गेल्या पंधरा वर्षांत काही देशांनी उद्योगांवर अहवाल देण्याचे बंधन घातले आहे. त्या बंधनाचे मोल काय, हे आज तपासावयाचे आहे.

ब्रिटनने २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. त्याच्या ५४ व्या कलमानुसार, ज्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक आहे अशा व्यापारी संस्थांनी, आपल्या धंद्यात व पुरवठ्याच्या साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून कोणते उपाय योजले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावयाचे असते. संचालक मंडळाची मान्यता हवी, संचालकाची सही हवी, इतका काटेकोरपणा आहे. पण कोणतेही उपाय योजले नाहीत एवढेच लिहून दिले, तरी या कलमाचे पालन होते! निवेदनच दिले नाही, तर मंत्र्याने न्यायालयातून आदेश आणावा. या कलमात दंड नाही. कॅलिफोर्नियाचा २०१० चा आणि ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा साधारण याच वळणाचे आहेत. बांगलादेशात २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर फ्रान्सने २०१७ साली निराळी वाट धरली. तेथे बड्या कंपन्यांना दक्षतेची योजना आखून ती अमलात आणावी लागते, आणि त्यांच्या कसुरीने नुकसान झाल्यास भरपाईसाठी त्यांच्यावर दावा लावता येतो.

आपल्याकडे ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना व्यावसायिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. सक्तीच्या मजुरीबद्दल किती तक्रारी आल्या, हे त्यात सांगावे लागते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने माझा साधा प्रश्न आहे: तक्रार करणार कोण?

आपल्या ऊसतोडीचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील साखर जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत पोहोचते आणि तिच्यामागे कर्जात अडकलेले मजूर आहेत, हे २०२४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जगापुढे मांडले. बीडच्या कार्यकर्त्याला त्यात नवे काही नव्हते. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार गाठतो मुकादमाला आणि मुकादम मजुराला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती, राबणे दोघांचे. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते. उचल घेऊन मजूर पळतात, अशी मुकादमांची तक्रार असते आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. परंतु पळून जावे लागते ते काम मोकळे नव्हे.

कारखान्याच्या हजेरीपटावर या मजुराचे नावच नसते. तेव्हा तक्रारींच्या रकान्यात शून्य लिहिले जाते, आणि कागदापुरते ते खरेही असते. सहकारी कारखाने तर शेअर बाजारात नोंदलेलेच नाहीत; त्यांना हा प्रश्न विचारलाही जात नाही. सहकाराला आपले मानणाऱ्या आपण याची लाज बाळगली पाहिजे.

वस्तुतः आपल्याजवळ याहून धारदार कायदा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंधनाचे कर्ज रद्द केले. शिवाय, कर्ज तशा स्वरूपाचे नाही हे सिद्ध करण्याचा भार १५ व्या कलमाने सावकारावर टाकला. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी आहे. उलट २०१३ साली माणसांच्या व्यापाराविरुद्ध दंडसंहितेत नवे कलम आले, तेव्हा शोषणाच्या व्याख्येत ‘सक्तीची मजुरी’ हे शब्द घातले गेले नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती उणीव तशीच राहिली.

अहवाल निरर्थक आहेत, असे माझे म्हणणे नाही. परदेशी खरेदीदाराने साखळी स्वच्छ असल्याचे सहीनिशी लिहिले, तर त्या कागदापुढे मुकादमाची वही ठेवता येते. मात्र ती ठेवणारी संघटना हवी. साखळीच्या टोकाशी असलेल्या मजुराचे नाव, त्याची उचल, कापलेल्या उसाचे वजन आणि उरलेली बाकी यांची नोंद कारखान्याने ठेवावी. तोडणी करणाऱ्या स्त्रीचे खाते स्वतंत्र असावे. आणि खोट्या अहवालाची जबाबदारी मुकादमावर न ढकलता खरेदीदारापर्यंत न्यावी, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत.

आणि मागण्यांपूर्वी एक काम. १९७६ च्याच कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असावी लागते; तीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन सभासद आणि दोन समाजसेवकही असतात. आपल्या जिल्ह्यात ती आहे काय, शेवटची केव्हा बसली, तिने किती उचलींची चौकशी केली, एवढे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. पुढचा हंगाम सुरू होऊन ट्रॅक्टर भरभरून माणसे निघण्याआधी उत्तरे हाती यावयास हवीत.