तपासणी झाली, पुढे काय?



कर्करोगाचा विषय निघाला की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबईचे परळ उभे राहते. टाटा रुग्णालयाजवळचा पदपथ, तेथे पथारी पसरून बसलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबे, हातातील क्ष-किरण चित्रांची मोठाली पाकिटे. हे चित्र खरे आहे. पण ते पुष्कळदा रोगाच्या उत्तरार्धाचे चित्र असते. पूर्वार्ध गावातल्या किंवा आळीतल्या दवाखान्यात घडतो, अथवा घडायचा राहून जातो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या कर्करोग-तपासणीचा विचार परळपासून न करता बार्शीपासून करणे अधिक उचित ठरेल.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके त्यात होते. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या दप्तरावरून करता येते. खेड्यातला रुग्ण मात्र रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, मग त्याची नोंद कोठून मिळणार? तेव्हा येथील कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. कोण आजारी आहे, कोणाला अंगावर जाते, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाही, याची चौकशी पारावर आणि ओसरीवर बसून करू लागले. लक्षणे समजावून सांगू लागले आणि शंका आली त्याला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात येण्यासाठी विनवू लागले. काही वर्षांतच असे दिसले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कोणतेही नवे यंत्र आणले नव्हते. माणसे बोलली होती, एवढेच.

या पायावर पुढे मोठे काम उभे राहिले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी आयुष्यात केवळ एकदा झाली, तेथे ३४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या साधारण सारखीच होती. मराठवाड्यातील खेड्यांतून निघालेला हा निष्कर्ष पुढे जगभरच्या तज्ज्ञांनी आधारभूत मानला. ज्या चौथ्या गटाला तपासणी दिली नाही त्या स्त्रियांचे काय, हा प्रश्न मात्र नंतर जाहीरपणे विचारला गेला. तो प्रश्न गैर नव्हता. त्या आकड्यांकडे पाहताना त्यामागची माणसेही दिसली पाहिजेत.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून केलेला प्रयोग याहूनही साधा होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया या अभ्यासात होत्या. त्यांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी दोन प्रकारे तपासणी झाली: गर्भाशयमुखाची व्हिनेगरच्या जातीचे द्रावण लावून, आणि स्तनांची हाताने. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या अशाच पाहणीने मृत्यू लक्षणीय घटले नव्हते. मुंबईत ती चार वेळा झाली. साधी तपासणी पुन्हा पुन्हा केली तर तिची किंमत वाढते, असा याचा अर्थ लावता येतो.

स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहेत. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंतील घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. प्रशिक्षित हात, आडोशाची खोली आणि दर दोन वर्षांनी काही मिनिटे, एवढीच ही सामग्री. मॅमोग्राफीचे यंत्र तालुक्याला कधी येईल ते येवो. प्रशिक्षित परिचारिका प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही असू शकते.

तरीही ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. द्रावण लावून पाहण्याची पद्धत तरुण आणि मध्यम वयात चांगली चालते. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा जो भाग पाहायचा असतो तो आत सरकतो आणि डोळ्यांना पुरता दिसत नाही. साठीच्या स्त्रीला ‘काही दिसले नाही’ असे सांगितले गेले तर ‘नीट पाहता आले का?’ हा प्रश्न तिने किंवा तिच्या लेकीने अवश्य विचारावा. अशा वेळी एचपीव्हीची चाचणी अधिक भरवशाची. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एक डाग दिसला, तर पुढच्या शिबिराची वाट पाहत बसू नये. त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवावे. दरवेळी तो कर्करोग नसतो. पण घरातली आजी ही गोष्ट सुनेला सांगत नाही, मुलाला सांगण्याचा तर प्रश्नच नाही, आणि महिने निघून जातात. कितीतरी घरांत शालीनतेच्या नावाखाली दुखणे असे झाकले जाते.

पुरुषांची गोष्ट तोंडापासून सुरू होते. तंबाखू-चुना, विडी, गुटखा. आणि स्त्रियांमध्ये मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवरची परिस्थिती सर्वांना ठाऊक आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली दिसून आले. त्यासाठी लागते काय? एक विजेरी, एक हातमोजा आणि पाहण्याची सवय. गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा, जिभेच्या कडेची दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, स्वतःची तीन बोटे उभी आत न जाण्याइतके आखडलेले तोंड. ज्येष्ठांमध्ये यात कवळीचा घोटाळा होतो. जखम दिसली की ‘कवळी टोचते’ म्हणून मलम लावले जाते. तपासणीला बसताना कवळी काढून ठेवावी आणि कवळी घासून घेतल्यावरही जखम भरली नाही, तर तुकडा तपासणीला पाठवावा. दंतवैद्याच्या खुर्चीत दरवर्षी हजारो ज्येष्ठ तोंड उघडून बसतात. तेवढ्यात दोन मिनिटे गाल, जीभ आणि जिभेखालची जागा पाहून घेण्याचा आग्रह रुग्णानेच धरायला काय हरकत आहे?

शासनाने हे सारे कागदावर आणले आहे. तीस वर्षांपुढील सर्वांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०१६ पासून आहेत. आशा कार्यकर्ती घरी येऊन अर्ज भरते आणि तपासणी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात व्हावी, अशी योजना आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. स्तन आणि तोंड यांच्या तपासणीचे प्रमाण ०.९ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रिया तर या पाहणीच्या प्रश्नावलीतच नाहीत.

एकीकडे हे दारिद्र्य, तर दुसरीकडे मध्यमवर्गीय घरांत तपासण्यांची उधळण. परदेशातील मुलगा आईवडिलांसाठी साठ-सत्तर चाचण्यांचे पॅकेज पाठवतो. सकाळी माणूस घरी येतो, रक्त घेऊन जातो, संध्याकाळी रंगीत अहवाल मोबाईलवर येतो. त्यात ‘कर्करोग दर्शक’ म्हणून दोन-चार आकडे असतात. मुलाची माया खोटी नाही, पण पैसे चुकीच्या जागी जातात. सीए-१२५ हा असाच एक आकडा. ब्रिटनमध्ये पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या, पाळी गेलेल्या दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. दरवर्षी ही रक्तचाचणी किंवा सोनोग्राफी करूनही बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यात कधी त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारोंचे गळे कापले गेले आणि त्यांतील बहुतेकांना जन्मभराची गोळी लागली. ज्या आईच्या रक्ताचे साठ आकडे घरात आहेत, तिच्या स्तनांची तपासणी मात्र कोणी केलेली नाही, अशी घरे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

तपासणी कोणत्या वयापर्यंत करावी, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. तिचा लाभ काही वर्षांनी मिळतो. सत्तरीतला धडधाकट माणूस आणि पंच्याऐंशीचा, हृदय व मूत्रपिंडाने थकलेला माणूस यांना एकच माप लावणे शहाणपणाचे नाही. दुसऱ्याला निरोगीपणाची तपासणी नको; त्याला दुखत असेल तर उपचार हवेत. पण साठीच्या माणसाने ‘आता या वयात काय बघायचे’ म्हणणे हे वैराग्य नव्हे. बहुधा ती खर्चाची भीती असते, किंवा मुलांना त्रास नको हा संकोच.

आणि आता कार्यकर्त्यांसाठी महत्त्वाची गोष्ट. सेवावस्तीत शिबिर होते. फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, दीडशे जण तपासले जातात, छायाचित्र निघते. त्या दीडशेंतील सात-आठ जणांना ‘जिल्ह्याला जाऊन दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी देवघरातल्या पंचांगात किंवा उशीखाली जाते. तपासणीने कोणी बरा होत नाही. चिठ्ठी घेऊन दुसऱ्या फेरीला गेलेला माणूस बरा होऊ शकतो. ही दुसरी फेरी चुकण्याची कारणे अगदी घरगुती असतात. सोबत कोणी नाही. एसटी सकाळी सातला निघते आणि बाह्यरुग्ण विभागात पोहोचेपर्यंत केसपेपर बंद झालेला असतो. नातवाची परीक्षा, सोयाबीनची काढणी, गौरी-गणपती. आणि या सगळ्यांमागे ‘तुकडा काढला, सुरी लागली की रोग पसरतो’ ही समजूत. शंका आलेल्या जागेचा तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही आणि त्या तपासणीने कर्करोग अंगभर पसरत नाही, हे शिबिरातच, चिठ्ठी देतानाच, समोर बसून सांगायला हवे. ‘संशयित’ हा शब्द ऐकून घरी गेलेला माणूस रात्रभर स्वतःचे मरण पाहत असतो. संशयितांपैकी बरेच जण पुढच्या तपासणीत निर्दोष ठरतात, हेही त्याच वेळी सांगावे.

पैशाचे म्हणाल, तर सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. ही कार्डे मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतात. पहिली तपासणी, प्रवास आणि सोबतच्या माणसाचे जेवण त्यांत येत नाही. ती रक्कम मोठी नसते. पण ती खिशात नसल्यामुळे चिठ्ठी घरात राहते. मंडळाच्या वर्गणीतून मंडपाची एक कमान कमी केली, तर वर्षभराची अशी भाडी निघतील.

त्यासाठी शिबिराच्या आदल्या दिवशी एक साधी वही आखावी. नाव, वय, काय आढळले, कोठे पाठवले, कोणत्या तारखेला जायचे आणि सोबत कोण जाणार. हा शेवटचा रकाना शिबिराच्या जागीच, त्या माणसाच्या देखत भरावा आणि त्यात एका माणसाचे नाव असावे, ‘कार्यकर्ते’ असे लिहू नये. स्त्री असेल तर सोबतही स्त्रीचीच असावी. त्यापुढे अहवालासाठी आणखी एक जागा कोरी ठेवावी. महिन्याने वही उघडावी, ज्यांची ती जागा कोरी आहे त्यांच्या घरी जावे, आणि तुकड्याच्या तपासणीचा कागद डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्या नावापुढे ‘झाले’ अशी खूण करू नये.